नायगाराची आइसवाइन आणि चिंच-गुळाचं गणित

आमटीत गूळ नेमका किती पडलाय हे जिभेला सांगता येत नाही. चिंच कमी पडली तर मात्र पहिल्याच घासाला कळतं. आमटी गुळमट लागते आणि दुसरी वाटी कुणी मागत नाही. नायगाराकडच्या वायनरीत आइसवाइन, म्हणजे वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची गोड वाइन, चाखायला जाणार असाल तर ही आमटी डोक्यात ठेवून आत शिरा. काउंटरपलीकडची मंडळी साखरेचे आकडे सांगतात, मध-जर्दाळू-आंब्याचे वास सांगतात, थंडीच्या गोष्टी रंगवतात. ते सगळं खरं असतं. पण ती बाटली पैसे देण्याजोगी आहे की नुसतंच महाग सरबत आहे, हे तिच्यातलं आंबट ठरवतं.

आधी जागा. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनकडे मुलांना भेटायला आलेले आईबाबा धबधबा बघतात, बोटीत भिजतात आणि संध्याकाळी परत फिरतात. धबधब्यापासून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, नदी जिथे ओंटारियो सरोवराला मिळते तिथे, नायगारा-ऑन-द-लेक हे गाव आहे. तिकडे जाणारा नायगारा पार्कवे नदीच्या काठाकाठाने जातो आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षांच्या आणि पीचच्या बागा लागतात. कॅनडातली सर्वांत नावाजलेली आइसवाइन याच पट्ट्यात होते. इनिस्किलिन ही वायनरी याच पार्कवेवर आहे, पेलर आणि पिलिटेरी या वायनऱ्या गावाच्या आसपास. अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी एक सूचना: भारतीय पासपोर्टवरच्या अमेरिकन पर्यटक व्हिसावर बफेलोचा पूल ओलांडता येत नाही, कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेच्या बाजूलाही थोडी आइसवाइन होते, पण नाव झालं ते पलीकडच्या काठाचं.

हे नाव झालं त्यालाही फार वर्षं झालेली नाहीत. इनिस्किलिन ही वायनरी 1975 मध्ये डोनाल्ड झिराल्डो आणि कार्ल कायझर यांनी काढली. 1983 मध्ये त्यांनी पहिल्यांदा द्राक्षं वेलीवर गोठायला ठेवली आणि पाखरांनी ती फस्त केली. पुढच्या वर्षी जाळ्या लावल्या, मग 1984 ची पहिली आइसवाइन निघाली. त्यांच्याच 1989 च्या, विडाल जातीच्या द्राक्षांच्या आइसवाइनला 1991 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या व्हिनएक्स्पो या वाइन-प्रदर्शनात मोठा सन्मान मिळाला आणि गाव नकाशावर आलं. मूळ कल्पना जर्मन आहे, तिकडे तिला आइसवाइन असंच म्हणतात. पण जर्मनीत पुरेशी थंडी दर वर्षी पडेलच असं नाही. नायगारात ती जवळजवळ दर हिवाळ्यात पडते आणि सरोवराच्या उबेमुळे वेल मरण्याइतकी सहसा पडत नाही.

आता ती होते कशी. नाशिक-सांगलीकडच्या कुणालाही ब्रिक्स म्हणजे काय हे सांगावं लागत नाही; इतरांसाठी, ते रसातल्या साखरेचं माप. खायची द्राक्षं आपल्याकडे साधारण 17-18 ब्रिक्सला उतरवतात. नायगारात साध्या वाइनची द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात 20 ते 24 ब्रिक्सच्या आसपास निघतात. आइसवाइनसाठी राखलेल्या ओळी मात्र तशाच सोडतात, त्यांच्यावर जाळ्या चढवतात आणि वाट बघत बसतात. नोव्हेंबर जातो, पानं गळतात, घड सुकत जातात. कधी पाऊस येऊन कूज धरते, कधी वारा घड खाली पाडतो, जाळीला भोक पडलं तर पाखरं आत शिरतात. ओंटारियोच्या व्हीक्यूए, म्हणजे वाइनच्या दर्जाची खूण देणाऱ्या व्यवस्थेच्या, नियमांप्रमाणे तापमान उणे 8 अंश किंवा त्याखाली असल्याशिवाय तोडणी करता येत नाही आणि मिळालेल्या रसाची सरासरी किमान 35 ब्रिक्स भरावी लागते. अशी रात्र काही वर्षी डिसेंबरात येते, काही वर्षी जानेवारी उलटून जातो. तोवर बागेतलं किती शिल्लक राहील याची हमी कुणी देत नाही. बाटलीची किंमत बघून भुवया उंचावणाऱ्यांनी एवढा हिशेब करावा, की साध्या वाइनसाठी एखाद्या ओळीतून जितका रस निघाला असता त्याच्या 10-15 टक्केच इथे हाती लागतो.

तोडणी बहुधा मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि ऊन वर यायच्या आत संपवावी लागते. गोठलेले मणी क्रेटमध्ये पडताना गोट्यांसारखा आवाज करतात. ते तसेच, न वितळू देता, उघड्यावर ठेवलेल्या प्रेसमध्ये टाकतात. प्रेसचा दाब चढत जातो आणि बराच वेळ काहीच होत नाही. मग नळीच्या तोंडाशी एक थेंब जमतो, ओघळतो, थांबतो. दुसरा येतो. काकवीसारखा, पिवळसर तपकिरी, बोटाला चिकटणारा. मण्यातलं पाणी बर्फ होऊन प्रेसमध्येच अडकलेलं असतं, आणि साखर-आंबट-वासाचा जो पाक गोठलेला नसतो तेवढाच बाहेर येतो. एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे ब्रिक्स मोजायच्या यंत्राच्या, काचेवर ठेवून उजेडाकडे बघितलं की सावलीची रेघ 38-40 च्या आसपास दिसते. दाब चालू ठेवला आणि ऊन वर आलं की बर्फ वितळायला लागतो, रस पातळ होतो, रेघ खाली येते. कुठे थांबायचं याचा निर्णय तिथे उभं राहूनच घ्यावा लागतो. थोडा जास्त रस हवा म्हणून पुढे रेटलं तर सगळा लॉट फिका पडतो. उलट, पारा उणे 13-14 च्या खाली गेला तर मणी दगड होतात, रस अगदीच थोडा येतो आणि तो इतका दाट असतो की यीस्टचं त्यात काही चालत नाही.

या सगळ्यात आपल्या कामाची गोष्ट अशी, की बर्फ पाणी काढून घेतो तेव्हा साखरेबरोबर आंबटही दाट होतं. साध्या पांढऱ्या वाइनमध्ये लिटरला 6-7 ग्रॅम आम्ल असतं; आइसवाइनमध्ये ते सहज 10 च्या आसपास जातं. साखर बहुधा लिटरला 180 ते 250 ग्रॅम. कोलामध्ये ती साधारण 110 असते. म्हणजे कोलाच्या दुप्पट गोड पेय, आणि तरी चांगल्या आइसवाइनचा दुसरा घोट घ्यावासा वाटतो. चिंच पुरेशी आहे म्हणून.

इतक्या गोड रसात यीस्टचे हाल होतात. साधी पांढरी वाइन दोन-तीन आठवड्यांत आंबून होते, इथे कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि 9 ते 11 टक्के अल्कोहोलला यीस्ट आपणच दमतं. उरलेली साखर तशीच राहते, वरून घालत नाहीत. दमलेलं यीस्ट दोन गोष्टी जास्त करतं: ग्लिसरॉल, ज्याने वाइन जिभेवर तुपकट लागते, आणि व्हिनेगरचं आम्ल. व्हिनेगर थोडं असेल तर वासाला उठाव येतो. जास्त झालं तर ग्लास नाकाशी नेताच नेलपॉलिश रिमूव्हरचा भपका येतो. तो आला तर ती वाइन बिघडलेली समजायची. "हिचा स्वभावच असा" वगैरे स्पष्टीकरण ऐकून गप्प बसू नये.

चाखायला जायचं तर वेळ आधी आरक्षित करा, विशेषतः उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि जानेवारीत आइसवाइनचा उत्सव असतो तेव्हा. ओंटारियोत मद्यासाठी वयाची अट 19 आहे, तेव्हा तरुण दिसणाऱ्यांनी पासपोर्ट किंवा लायसन्स जवळ ठेवावं. आइसवाइनच्या टेस्टिंगला साध्या वाइनपेक्षा जास्त पैसे पडतात आणि काही ठिकाणी बाटली घेतली की ते वळते करतात, म्हणून आधी विचारून घ्या. माप छोटं असतं, 15 ते 30 मिली. कमी दिलं म्हणून हिरमुसू नका. तीन प्रकारांची फ्लाइट, म्हणजे एकत्र मांडून दिलेली छोटी मापं, एका माणसाला पुरून उरते आणि दोघांनी मिळून एक घेतली तरी चालतं.

दिवसातली वेळ सकाळी अकराच्या सुमाराची उत्तम, जेवणाआधीची, पण रिकाम्या पोटी नाही. नाश्ता करून जा. फक्त नंतर मसाल्याचा चहा, बडीशेप, सुपारी, पुदिन्याची गोळी हे काही तोंडात टाकू नका. खरी अडचण दुसरीच असते. नायगारा-ऑन-द-लेकच्या मुख्य रस्त्यावर फजची (बर्फीसारख्या गोड वड्यांची) आणि आइस्क्रीमची दुकानं आहेत आणि बहुतेक मंडळी आधी तिथे थांबतात. फज खाऊन अर्ध्या तासात वायनरीत गेलात तर दोनशे ग्रॅम साखरेची वाइनही पातळ आणि आंबट लागेल. जिलबीनंतरचा चहा आठवा. आधी वायनरी, मग फज.

ग्लास समोर आला की आधी हाताने चाचपा. बहुतेक ठिकाणी बाटली थेट फ्रिजमधून काढून ओततात, म्हणजे 4-5 अंशांना. आइसवाइनची चव 10-12 अंशांना उघडते. इतकी गार असताना वास झोपलेला असतो, गोडही दबलेलं असतं आणि दोषही. म्हणून ग्लासचा फुगीर भाग तळव्यात धरून पाच मिनिटं बसा. त्या वेळात रंग बघा: नवी विडाल सोनेरी, जुनी होत गेली की मधाकडे आणि मग काकवीकडे झुकते. नव्या बाटलीचा रंग तपकिरी असेल तर तिला हवा लागलेली आहे. ग्लासच्या कडेने सावकाश उतरणारे ओघळ सगळे कौतुकाने दाखवतात, त्यावरून दर्जा ठरत नाही.

मग वास. एकदा न हलवता, एकदा हलवून. आणि घोट: चमचाभर, जास्त नाही. तो जिभेवर पसरू द्या, गालांकडे न्या, पाचपर्यंत मोजा, गिळा. आता काहीच करू नका. तोंड मिटून, मान किंचित खाली घालून थांबा. जिभेखाली आणि गालांच्या मागच्या बाजूला पाणी सुटतं का ते बघा. कैरी चिरताना नुसत्या वासाने सुटतं तसं. लाळ भराभर आली आणि तोंड स्वच्छ झालं तर आंबट पुरेसं आहे. गोडाचा थर टाळूला चिकटून राहिला, पाणी प्यावंसं वाटलं, तर नाही. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि वासांच्या लांबलचक यादीपेक्षा ती जास्त सांगते. माझ्या मते वायनरीत शिकण्याजोगी हीच एक गोष्ट; बाकीचं माहितीपत्रकात छापलेलं असतं.

यानंतर जातींमधला फरक आपोआप कळू लागतो. नायगारात सर्वांत जास्त आइसवाइन विडालची. ही संकरित जात आहे. साल जाड, घड वेलीला घट्ट धरून राहतो, म्हणून बागायतदाराची लाडकी. चवीला पिकलेला आंबा, जर्दाळू, लिची, संत्र्याच्या सालीचा मुरांबा. तिचं आंबट मध्यम असतं. रीसलिंग पातळ सालीची, जास्त जोखमीची आणि महाग. तिच्यात लिंबू, हिरवं सफरचंद, मध, आणि आंबट इतकं चरचरीत की तितकीच साखर असूनही ती कमी गोड वाटते. काबर्ने फ्रांक हे लाल द्राक्ष. आइसवाइन होताना त्याचा रंग गुलाबी ते विटकरी येतो, वास स्ट्रॉबेरीचा आणि गुलकंदाचा. पहिल्यांदा चाखणाऱ्यांना बहुधा हीच आवडते, आणि दुकानदारालाही ते ठाऊक असतं. क्रम लावायचा तर फसफसणारी आइसवाइन असेल ती आधी, मग रीसलिंग, मग विडाल, मग काबर्ने फ्रांक आणि लाकडी पिंपात ठेवलेली असेल ती शेवटी. मध्ये साधं पाणी आणि मिठाशिवायचं बिस्कीट. पैसे एकाच बाटलीचे असतील तर मी रीसलिंग घेईन. पण घरी सगळे गोडखाऊ असतील तर विडालनेच लोक खूश होतात, हेही खरं.

नाशिकला लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, शेनिन ब्लाँ चाखलेले बरेच असतील, आणि "आमच्याकडेही गोड वाइन होते" म्हणतात तेव्हा ते बरोबरच असतं. रस्ता मात्र उलटा आहे. तिकडे पाणी बर्फाने काढतात, इकडे उन्हाने उडवतात. घड वेलीवर राहतात, मणी सुरकुततात, अर्धा बेदाणा होतो. यात अडचण अशी, की द्राक्षातल्या दोन मुख्य आम्लांपैकी मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं, उष्ण हवेत वेलीवरच झपाट्याने घटतं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात साखर चढत असते आणि आंबट उतरत असतं. शेनिन ब्लाँ मुळात आंबट टिकवून धरणारी जात म्हणून ती निवडलेली. तोडणीला उशीर किती करायचा याचं गणित तिथेही कठीणच आहे, फक्त घड्याळ वेगळं. दोन्ही बाटल्या एकाच संध्याकाळी शेजारी ठेवून ती दहा सेकंदांची परीक्षा करून बघा, हवामान जिभेवर कळतं. शेनिनला आइसवाइनच्या मापाने मोजू नका. ती कमी गोड, हलकी असते आणि जेवताना जास्त उपयोगी पडते.

पेलरमध्ये उणे 10 अंशांची बर्फाची खोली आहे. जाडजूड कोट घालून आत जायचं आणि तिथे आइसवाइन प्यायची. फोटो झकास येतात, जुलैत आलेल्या पाहुण्यांना तोडणीच्या रात्रीची कल्पना येते, मुलांबाळांना सांगायला गंमत. चव कळायला मात्र ती जागा नाही, नाक आणि जीभ दोन्ही बधिर होतात. दोन्ही करायचं असेल तर आधी टेबलावर बसून चाखा, मग बर्फात जा.

गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये, एवढं सांगून हा विषय संपायला हवा. पण "अहो, एवढंसंच तर माप" हा युक्तिवाद दर वेळी होतो. ओंटारियोत रक्तातलं अल्कोहोल 0.05 झालं की लायसन्स जागीच काही दिवसांसाठी निलंबित होतं, 0.08 ला फौजदारी गुन्हा. 21 किंवा त्याखालच्या वयाच्या चालकाला आणि जी1, जी2 या नवशिक्यांच्या लायसन्सवाल्याला शून्य. नुकत्याच कॅनडात गेलेल्या कितीतरी मुलांकडे जी2 च असतं. चाखायचंच असेल तर टेबलावर थुंकायचं भांडं मागा. आपल्याला पिकदाणीची आठवण होऊन संकोच वाटतो, तिथे कुणी वळूनही बघत नाही. नाहीतर गावात भाड्याने सायकली मिळतात आणि वायनऱ्यांच्या फेऱ्या करणाऱ्या छोट्या बसही असतात.

मधुमेह असलेल्यांसाठी सरळ हिशेब: लिटरला 200 ग्रॅम साखर म्हणजे 50 मिलीत 10 ग्रॅम, सपाट अडीच चमचे. 15 मिलीचं टेस्टिंगचं माप म्हणजे 3 ग्रॅम. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर मद्याबद्दल डॉक्टरांशी निघण्याआधीच बोलून घ्या. वाइन समोर आल्यावर भारतात फोन लावायला रात्र झालेली असते.

बाटली घेताना लेबल वाचा. त्यावर आइसवाइन हा एकच शब्द, व्हीक्यूएची खूण, द्राक्षाची जात आणि पीक कोणत्या सालचं ते, एवढं असलंच पाहिजे. आइस आणि वाइन हे शब्द वेगवेगळे करून, किंवा "आइस्ड" असं काहीतरी लिहून विकलेल्या बाटल्या जगभर मिळतात. त्यांतली द्राक्षं फ्रीझरमध्ये गोठवलेली असू शकतात. पिण्यात धोका नाही, पण त्या भावाची ती वस्तू नव्हे. "सिलेक्ट लेट हार्वेस्ट" हा मात्र फसवणुकीचा प्रकार नाही. थंडीची वाट न बघता उशिरा तोडलेली, कमी दाट, अर्ध्याहून कमी किमतीची वाइन असते ती. घरच्या दहा जणांना वाढायची असेल तर हीच घ्या, आणि आइसवाइनची एक छोटी बाटली वेगळी. आइसवाइनची 375 मिलीची बाटली साधारण 50 ते 100 कॅनेडियन डॉलरच्या मध्ये असते, 200 मिलीची त्याहून स्वस्त, आणि 50 मिलीच्या चिमुकल्या बाटल्या भेट द्यायला सोयीच्या. साल विचारा. विडाल चार-पाच वर्षांत प्यावी. रीसलिंग दहा वर्षंही टिकते. धूळ खात पडलेली जुनी विडाल "मुरलेली" म्हणून कुणी पुढे केली तर उघडी बाटली आहे का ते विचारून आधी चाखा.

भारतात येताना प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. 375 मिलीच्या पाच बाटल्या म्हणजे 1875 मिली, बरोबर बसतं. वायनरीतून घेतलेल्या बाटल्या चेक-इन बॅगेत जातात. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड मोजा, मग कपड्यांच्या मधोमध. पाक सांडला तर साड्यांचं काय होतं याची कल्पना करा. विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून घेणार असाल आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर ती सीलबंद पिशवी पावतीसकट मुंबईपर्यंत फोडू नका. उन्हाळ्यात बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून दिवसभर फिरू नका. तापलेल्या डिकीत वाइन शिजते, बूच वर येतं आणि ताज्या आंब्याची चव जाऊन करपलेल्या साखरेची लागते. वायनरी शेवटची ठेवता आली तर उत्तम, नाहीतर बर्फाचा डबा बरोबर असू द्या.

घरी उघडाल तेव्हा तासभर फ्रिजमध्ये ठेवून, ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर. लिकरचे अंगठ्याएवढे ग्लास नकोत, नाक आत जात नाही. साध्या पांढऱ्या वाइनच्या ग्लासात 50 मिली ओता. 375 मिलीत सात जण होतात. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर बरी राहते.

आणि सोबत काय, हा प्रश्न. डेझर्ट वाइन म्हणून गोडाबरोबर द्यायची, असं नावावरून वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. सोबतचा पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइनचा गोडवा जिभेला दिसेनासा होतो आणि उरतं ते आंबट पाणी. गुलाबजाम, श्रीखंड, पुरणपोळी, बासुंदी या सगळ्यांपुढे ती हरते. ताज्या हापूसच्या फोडी चालतात, साखर घातलेला आमरस नाही. खरी मजा खाऱ्यात आहे: निळी बुरशी असलेलं चीज, मुरलेलं चेडर, आणि आपल्याकडचं म्हणाल तर खारे काजू, भाजणीची चकली, साखर न घातलेला पोह्यांचा चिवडा. तिखट शेवही छान जाते, कारण गोडाने मिरचीची आग शमते आणि अल्कोहोल कमी असल्याने ती भडकत नाही. फक्त लसणाच्या चटणीपासून दूर ठेवा, नंतर वाइनचा वास म्हणून काही उरत नाही.

बाटली संपत आली की तळाशी किंवा बुचाला कधीकधी पांढरट खडे चिकटलेले दिसतात. काच फुटली म्हणून बाटली फेकून देणारे असतात, साखर बसली म्हणणारेही. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे. थंडीत वाइनमधून वेगळे होऊन खाली बसतात, अपाय काही नाही. चिंचेला आंबट करणारं आम्ल हेच. ओतताना बाटली हळू तिरकी करा, शेवटचा चमचाभर तळाशी राहू द्या. एखादा खडा ग्लासात आलाच तर दाताखाली फोडून बघा.